रुबार्बची चाचणी चालू आहे

माणसाला मोकळं सोडलं की तो आधी बावचळतो, मग चुकीची वस्तू विकत घेतो आणि शेवटी तक्रार घेऊन येतो. जगातल्या सर्व थोर संस्थांनी हे सत्य फार पूर्वी ओळखलं. म्हणून चर्चने विवाह निर्माण केला, सरकारने तुरुंग निर्माण केला आणि आमच्या ट्रूनेबर वायरलेस कंपनीने दोन वर्षांचा करार निर्माण केला. पैकी विवाहातून सुटायला नेब्रास्का राज्यात एक न्यायाधीश पुरतो, आणि तुरुंगात चांगल्या वर्तणुकीबद्दल सूट मिळते. करार तेवढा भक्कम होता.

मी लोवेल बेख्टोल्ड. गार्बर गावातल्या ट्रूनेबरच्या दुकानाचा व्यवस्थापक. (दुकानात दुसरं कोणी नसल्यामुळे व्यवस्था बिघडवणाराही मीच.)

ही हकिकत स्मार्टफोन गावात नवे नवे आले तेव्हाची. गावात धान्याच्या उंच कोठारावर टॉवर एकच होता, तो आमचा. दुसऱ्या कंपनीचा फोन फक्त दफनभूमीच्या टेकडीवर लागत असे. म्हणजे गार्बरच्या मयत रहिवाशांना दोन कंपन्यांची निवड होती आणि हयात रहिवाशांना एकीची. यावरून कोणी भलता निष्कर्ष काढू नये.

तरीही निवड नव्हती असं म्हणणं हा कंपनीवर अन्याय होईल. आमच्याकडे काळा फोन होता, आणि काळा फोन कव्हरसकट होता. ज्याला दोन्ही नको असतील त्याला नको म्हणण्याची पूर्ण मोकळीक होती. फोनच्या आत कोणती प्रणाली असावी, ती नवी कधी व्हावी, कोणती अ‍ॅप्स काढता येऊ नयेत, ही सगळी डोकेदुखी कंपनीने ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. जन्मदाती आईसुद्धा इतकं करत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की ती हात टेकते.

काढता न येणाऱ्या अ‍ॅप्समध्ये मासेमारीचं एक पंचांग होतं (त्यात आमच्या गावापासून सर्वांत जवळचा समुद्र दाखवलेला असे), पहिल्याच भोकापाशी पैसे मागणारा गोल्फचा खेळ होता, आणि ‘माझं ट्रूनेबर’ नावाचं एक अ‍ॅप होतं. ते उघडलं की ‘कृपया दुकानात या’ असं दिसे. पण या सर्वांचा राजा म्हणजे लार्की. लार्की हा चित्रातला पिवळ्या छातीचा पक्षी. दिवसातून केव्हाही तो शीळ घालून म्हणे, “नमस्कार शेजारी! हेस्टिंग्जला टायर स्वस्त झालेत!” टायर घेतले नाहीत तर पुन्हा म्हणे. आवाज बारीक केला तर आपला आपण वाढवून म्हणे. हेस्टिंग्ज या जवळच्या मोठ्या गावातल्या टायरच्या दुकानाशी कंपनीचा करार होता. करार पाळायचे असतात हे पक्ष्यालाही कळत होतं.

अशा या सुखी गावात आर्डिथ कोल्टरमन फोन घ्यायला आल्या.

आर्डिथबाई गावच्या निवृत्त पोस्टमास्तरीण. त्यांच्या कारकिर्दीत एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. एकदा हिमवादळात सगळे रस्ते बंद झाले तेव्हा त्यांनी गावभर विजेची बिलं घसरगाडीवरून पोचवली होती. त्याबद्दल गावाने त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, बहीण ॲरिझोनात राहायला गेली होती, आणि ती फोनवर निवडुंगाचे फोटो पाठवणार म्हणाली होती.

मी करार पुढे केला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. बाईंनी माझं बोट उचलून बाजूला ठेवलं.

“वाचते,” त्या म्हणाल्या.

दुकानाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. नेमकं काय करायचं याचं मला प्रशिक्षण नव्हतं. मी खुर्ची दिली. बाईंनी वाचायला सुरुवात केली, मध्ये घरी जाऊन जेवून आल्या आणि पुन्हा वाचायला बसल्या.

“लोवेल, इथे लिहिलंय की कंपनीला वाटेल तेव्हा कंपनी करार बदलू शकते.”

“हो.”

“आणि मला वाटेल तेव्हा?”

“तुम्हाला वाटू शकतं, आर्डिथबाई. वाटण्यावर काही बंदी नाही.”

“आणि सही केलीच नाही तर?”

“मग टेकडीवर दुसरी कंपनी आहे.”

“टेकडीवर जायची मला घाई नाही,” असं म्हणून त्यांनी सही केली आणि जाता जाता स्पेलिंगच्या दोन चुका दाखवल्या.

मग त्यांच्या फोनमध्ये नावं भरण्याचं काम मी केलं. बहीण. चर्चच्या जेवणावळी सांभाळणाऱ्या व्हर्डा पोलमन. हेस्टिंग्जचे दातांचे डॉक्टर. एवढं झाल्यावर बाई जरा थांबल्या, बाहेर रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आणि ते कोठारावरचे ड्वेन उरमाखर, त्यांचाही घाल. धान्याचा भाव विचारायला बरा.”

(बाईंकडे धान्य नव्हतं. एक मांजर होतं.)

काही आठवडे सगळं ठीक चाललं. मग फोनमध्ये एक बारीकशी गोष्ट निघाली. एकाला पाठवलेला मेसेज कधी कधी दुसऱ्यालाच जाऊन पोचे. तोही अनोळखी माणसाला नव्हे. आपल्याच यादीतल्या कोणाला तरी. कंपनी याला दोष म्हणत नसे. आम्हाला आलेल्या पत्रकात ‘वाढीव पोहोच’ असा शब्द होता.

आर्डिथबाईंना याचा लाभ चर्चच्या जेवणात झाला. व्हर्डा पोलमन यांची हिरवी जेली आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. तीत त्या किसलेलं गाजर घालतात. कोणी का घालतात म्हणून विचारू शकत नाही, कारण त्या बशी हातात देऊन समोर उभ्या राहतात. त्या दिवशी बाईंनी टेबलाखाली फोन धरून बहिणीला लिहिलं, “व्हर्डाने पुन्हा जेली आणली आहे. पुन्हा गाजर. देव तिला क्षमा करो, मला जमणार नाही.” पलीकडच्या टेबलावर व्हर्डाबाईंच्या पिशवीत घंटी वाजली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, फोन पिशवीत ठेवला आणि चालत आल्या.

“गाजर डोळ्यांना चांगलं असतं, आर्डिथ,” त्या म्हणाल्या. “बघ ना, तुझं बारीक अक्षरही मला कसं स्वच्छ वाचता आलं.” आणि बशीत आणखी एक डाव वाढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना असं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं.

“लोवेल, माझ्या हातून चुकीच्या दारात पत्र गेलं.”

“फोनच्या हातून, आर्डिथबाई.”

“फोन कुणाच्या हातात होता?”

मी मुख्य कचेरीला फोन लावला. तिथून कळलं की चिंतेचं काही कारण नाही. फोन बनवणाऱ्यांनी हा घोटाळा दुरुस्त करून प्रणालीची नवी आवृत्ती केव्हाच काढली होती. या आवृत्त्यांना खाण्याच्या पदार्थांची नावं देण्याची त्यांची पद्धत आहे. आमच्या फोनांत होती ती ‘कस्टर्ड’. नवी आली होती ती ‘रुबार्ब’. (रुबार्बची आंबट देठं आमच्या गावात प्रत्येकाच्या परसात उगवतात आणि साखर ओतल्याशिवाय कोणाच्या तोंडात जात नाहीत. पण नाव ठेवणारी मंडळी कॅलिफोर्नियाची होती.)

“मग ती मला मिळणार कधी?” बाईंनी विचारलं.

“बनवणाऱ्यांनी दिली म्हणजे तुम्हाला मिळाली असं होत नाही. मध्ये आम्ही आहोत. आम्ही आधी चाचणी घेतो.”

“कशासाठी?”

“तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हिमवादळाकडे त्या अशाच बघत असतील.

त्यानंतर गावात एकच प्रश्न उरला. न्हाव्याकडे, बँकेत, अंत्ययात्रेत, जिथे भेटेल तिथे लोक मला विचारायचे, “रुबार्ब कधी येणार?” आणि मी अधिकृत उत्तर द्यायचो, “रुबार्बची चाचणी चालू आहे.” बाहेरगावचा एक बियाणेविक्या हे ऐकून आमच्या परसांकडे फार आदराने बघत गेला. महिन्यामागून महिने गेले, घोंगडं भिजतच राहिलं. कंपनीने याच काळात ग्राहकांचं समाधान मोजलं. शेकडा नव्याण्णव ग्राहक समाधानी निघाले. तक्रारी मेसेजनेच करायच्या होत्या, आणि त्या कंपनी सोडून सगळ्यांना मिळाल्या.

गाव मात्र बदलत चाललं होतं. पशुखाद्यवाल्याने आपल्या गिऱ्हाइकाला पाठवलेला “डुकरं जमली आहेत, केव्हाही ये” हा मेसेज पास्टर लिंडक्विस्टना रविवारी उपासना सुरू होता होता मिळाला. पास्टर त्या दिवशी नेहमीपेक्षा नम्रपणे बोलले, आणि शेवटी त्यांनी जाहीर केलं की असंच चालायचं असेल तर ज्याचं त्याला पोचवायची सोय आपणच करू. झालं. पुढच्या रविवारपासून चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी आर्डिथबाई टेबल लावून बसू लागल्या. ज्याला दुसऱ्याचा मेसेज आला असेल त्याने तो कागदावर उतरवून द्यायचा, बाई तो गायकवृंदाच्या वह्यांच्या फळीवर ज्याच्या त्याच्या खणात टाकणार, ज्याने त्याने आपापला घेऊन जायचा. अशा रीतीने अत्याधुनिक स्मार्टफोनच्या साहाय्याने गार्बरने आठवड्यातून एकदा उघडणारं पोस्ट ऑफिस मिळवलं. कंपनीला हे कळताच तिने माहितीपत्रकात ‘शेजार-सेवा: विनामूल्य’ अशी भर घातली.

आता ड्वेन उरमाखर यांच्याकडे वळलं पाहिजे. धान्याचं कोठार सांभाळणारा हा उंच, विधुर, अबोल माणूस. त्यांच्या तोंडून दिवसाला जेवढे शब्द निघत त्यात साधा सुविचारही झाला नसता. पण फोन आल्यापासून त्यांना लिहिता येतं असा शोध त्यांना लागला होता. बरीच हिंमत गोळा करून त्यांनी एका शुक्रवारी आर्डिथबाईंना लिहिलं, “उद्या मासे तळणार आहे. एकट्याने खाऊन कंटाळा आला. येशील?”

शनिवारी दार वाजलं. दारात व्हर्डा पोलमन होत्या. हातात हिरवी जेली होती.

ड्वेन सभ्य गृहस्थ. दारात आलेल्या बाईला ‘तुम्ही नव्हे’ कसं म्हणणार? त्यांनी मासे वाढले, जेली खाल्ली. जाताना व्हर्डाबाई म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी येतेच मी,” आणि आल्या. त्याच्या पुढच्याही आल्या. गाव लहान असल्यामुळे ड्वेनच्या दारातली व्हर्डाबाईंची गाडी आर्डिथबाईंना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. त्या पडदा ओढून घेत. पडदा पातळ होता.

आर्डिथबाई तरी कुठे स्वस्थ बसल्या होत्या? त्यांनीही मध्ये एकदा ड्वेनना लिहिलं होतं, “तुम्हाला सवड असेल तेव्हा तुमच्यापाशी जरा बसावंसं वाटतं.” हे दातांच्या डॉक्टरांना गेलं. डॉक्टरांकडून लगेच उत्तर आलं, “मंगळवारी दहाला या. येण्याआधी दात घासा.” बाई गेल्या. दिलेली वेळ मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एक दाढ भरून आल्या.

मग एके दिवशी ड्वेन दुकानात आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ती गोल गोल फिरवत उभे राहिले.

“लोवेल,” ते म्हणाले, “हा करार मोडता येतो?”

“येतो. पण मोडल्याचा दंड फोनपेक्षा जड आहे. आणि मोडून जाणार कुठे? टेकडीवर?”

त्यांनी मान हलवली. “मग रुबार्ब कधी येणार?” टोपी आणखी थोडी फिरली.

“मी आर्डिथला बोलावलं. व्हर्डा आली. दर शनिवारी येते. बाई वाईट नाही रे. पण मी जेली खातोय, लोवेल. दर शनिवारी मी जेली खातोय.”

त्यांचे डोळे भरून आले होते. परंतु कंपनीचं गोपनीयता धोरण स्पष्ट आहे. एका ग्राहकाचा मेसेज दुसऱ्याला सांगण्याची मुभा कर्मचाऱ्याला नाही. ती फक्त फोनला आहे. म्हणून मी संध्याकाळी आर्डिथबाईंच्या घरी जाऊन नियमात बसेल एवढंच सांगितलं, “ड्वेन रुबार्बची चौकशी करत होते. रडवेले झाले होते.”

बाई बराच वेळ मांजराला कुरवाळत बसल्या. मग उठल्या.

“पोस्टात एखादं पत्र अडलं की मी पुढल्या कचेरीत स्वतः जाऊन उभी राहायचे,” त्या म्हणाल्या. “तुमची ही चाचणी कुठे चालते?”

“हेस्टिंग्जला.”

“ड्वेनना म्हणावं ट्रक काढा. तूही चल. तुमच्या कंपनीची भाषा मला येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ट्रकला बाक एकच. ड्वेन चालवायला, बाई खिडकीशी आणि मी मध्ये. मला अवघडल्यासारखं झालं नाही. बनवणारा एकीकडे, वापरणारा दुसरीकडे आणि दोघांच्या मध्ये आपण, हाच तर आमच्या कंपनीचा धंदा आहे.

गाव मागे पडलं, मक्याची शेतं सुरू झाली. मग ड्वेन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “लोवेल, तिला सांग की मासे तिच्यासाठी तळले होते.”

मी हे बोलणं ताब्यात घेतलं. आता ते पुढे पाठवायचं तर काही गोष्टी तपासणं भाग होतं. बाईंची प्रकृती हे पेलेल का? चालत्या ट्रकमध्ये हे बोलणं योग्य आहे का? ऐकून ड्वेनचा गाडीवरचा ताबा सुटला तर जबाबदारी कोणाची? मी असा विचार करीत असतानाच बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “लोवेल, मला ऐकू आलंय.”

“मी अजून पाठवलं नाही, आर्डिथबाई.”

“अरे, माझ्या कानापासून त्यांचं तोंड हातभर लांब आहे. तू मध्ये नसतास तर तेवढंही नसतं. ड्वेन, कुठल्या शनिवारची गोष्ट?”

“सगळ्याच,” ड्वेन म्हणाले.

“मग व्हर्डा...?”

“तुला लिहिलेलं तिला गेलं.”

बाईंनी पर्स उघडली आणि रुमाल काढला. “आणि मी तुमच्यापायी दाढ भरून घेतली,” त्या म्हणाल्या. मग दोघंही हसायला लागली. ड्वेन उरमाखर हसताना मी प्रथमच ऐकले. रिकाम्या कोठारात वाळू ओतल्यासारखा आवाज होता. पुढचा सगळा रस्ता ती दोघं माझ्या छातीवरून एकमेकांशी बोलत राहिली. मी सीटला जमेल तेवढा चिकटून बसलो आणि दोघांच्या बोलण्यात ‘हेस्टिंग्जला टायर स्वस्त झालेत’ एवढं एक वाक्य घालून पाहिलं. (सवय.) कोणी लक्ष दिलं नाही.

आता खरं तर परत फिरायला हरकत नव्हती. ज्यासाठी निघालो ते काम झालं होतं. मी तसं सुचवलंही. पण बाई म्हणाल्या, “आमचं भागलं. गावाचं काय?”

कंपनीचा चाचणी विभाग एका जुन्या गालिच्यांच्या दुकानात मागच्या बाजूला होता. विभागात गेलन फिच नावाचा एकच माणूस होता. मोठा गोड माणूस, सँडविच खात होता. त्याच्यासमोर फळीवर काळे फोन ओळीने मांडले होते, आणि सगळ्यांवर रुबार्ब चालू होती.

“चाचणी कधी पूर्ण होईल?” बाईंनी विचारलं.

“झाली की. वसंतातच झाली,” गेलन म्हणाला. “उत्तम चालते. मेसेज ज्याचा त्याला जातो. बॅटरी जास्त टिकते. काही म्हणता काही दोष सापडत नाही.”

“मग पाठवत का नाही?”

“तोच तर दोष आहे. हे बघा.” त्याने एका फोनवर लार्कीवर बोट दाबून धरलं. पडद्यावर विचारणा आली, ‘हे अ‍ॅप बंद करायचं का?’ त्याने ‘हो’ म्हटलं. पक्ष्याने डोळे मिटले आणि दिसेनासा झाला.

ड्वेननी टोपी काढून हातात घेतली.

“रुबार्बमध्ये ग्राहकाला पक्षी झोपवता येतो,” गेलन आवाज खाली आणून म्हणाला. “तो झोपता कामा नये अशी सोय होईपर्यंत चाचणी चालू ठेवायची आहे. वरून आदेश आहे. ग्राहक-निवड विभागाचे उपाध्यक्ष, व्हॅन मीटर साहेब.”

“त्यांना बोलवा.”

“ते आज कामावर नाहीत. सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आहे, मोठी मेजवानी आहे. मेसेज करून बघतो.” आणि त्याने कंपनीच्या काळ्या फोनवर लिहिलं, “गार्बरचे लोक आलेत. रुबार्बचं काय करू?”

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. ड्वेननी बाईंसाठी खुर्ची ओढली. एवढ्यात घंटी वाजली. गेलनने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सँडविच खाली ठेवलं. मेसेज साहेबांचाच होता: “हो, पाठवून दे. आजच. एकूण एक ठिकाणी. बिल माझ्या नावावर.”

आता जे घडलं ते नंतर कंपनीच्या चौकशीत निष्पन्न झालं, म्हणून इथेच सांगतो. व्हॅन मीटर साहेबांना त्या घडीला दोघे जण एकदम विचारत होते. गेलन रुबार्बचं विचारत होता आणि फुलवाला मेजवानीच्या टेबलांवर गुच्छ पाठवायचे का ते विचारत होता. साहेबांनी दोघांनाही खणखणीत उत्तर दिलं. फोन ट्रूनेबरचा होता. फुलवाल्याचं उत्तर गेलनला आलं, आणि गेलनचं उत्तर फुलवाल्याला गेलं. ते असं होतं: “अजिबात पाठवायचं नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही. विचारलं तर चाचणी चालू आहे म्हणून सांग.”

सासूबाईंनी फुलवाल्याला फोन करून विचारलं, तेव्हा त्याने ते शब्दशः सांगितलं. त्यापुढची हकिकत कंपनीच्या वार्षिक अहवालात नाही.

गेलन आज्ञाधारक होता. त्याने एक कळ दाबली, आणि रुबार्ब नेब्रास्काच्या नैर्ऋत्य भागात पसरली.

परतताना मी मुद्दाम खिडकीशी बसलो.

गावात पोचलो तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर रुबार्ब येऊन उभी होती. पडद्यावर दोनच शब्द होते: ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. आर्डिथबाईंनी ट्रकमधून उतरण्याआधीच ‘आत्ता’ दाबलं होतं, ड्वेननीही. फोन थोडा वेळ आंधळा झाला, मग जागा झाला, आणि बाईंनी त्यावर ड्वेनना पहिला मेसेज केला. ड्वेन तिथेच शेजारी उभे होते. त्यांनी तो वाचला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. गावात प्रथमच असं एक बोलणं झालं जे बाकी कोणाला मिळालं नाही.

रविवारी मी तळघरात आकडे घेतले. जिची गावाने एवढी वाट पाहिली ती रुबार्ब घेणारे: दोन. ‘नंतर’ दाबणारे: उरलेलं गार्बर. कारणं निरनिराळी होती. न्हावी म्हणाला, ऐन गर्दीत फोन बंद कोण ठेवणार. बँकवाला म्हणाला, नवं म्हणजे नवी कटकट. पास्टर म्हणाले की त्यांना प्रवचनाला विषय मिळत असत. लार्कीने त्याच वेळी निरनिराळ्या खिशांतून टायरची बातमी दिली आणि लोक सवयीने त्याला “हो, हो” म्हणाले.

व्हर्डा पोलमनही ‘नंतर’वाल्यांतच होत्या. आर्डिथबाईंनी त्यांना कॉफी ओतता ओतता विचारलं, “तू का नाही केलंस, व्हर्डा?”

व्हर्डाबाईंनी कप हातात फिरवला. “मला कोण मेसेज करतं गं? येतात ते चुकूनच येतात. रुबार्ब घेतली की तेही बंद.”

आर्डिथबाईंनी किटली खाली ठेवली. पर्समधून फोन काढला, चष्मा लावला आणि तिथेच उभ्या उभ्या अक्षर अक्षर शोधून लिहिलं. व्हर्डाबाईंच्या पिशवीत घंटी वाजली. “शनिवारी ड्वेनकडे मासे आहेत. तुलाच बोलावते आहे, व्हर्डा. गाजर नको.”

व्हर्डाबाईंनी ते वाचून मोठ्याने नाक शिंकरलं आणि त्या शनिवारी जेली आणली. गाजर नव्हतं. मुळा होता. तिघांनी मिळून मासे खाल्ले. ड्वेननी म्हणे दोनदा वाढून घेतलं.

त्या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कंपनीने दोन वर्षांचे करार काढून टाकले, फोनला एकाच कंपनीशी बांधून ठेवणारी कुलुपं उघडली, मध्ये बसणं सोडून दिलं. नव्या आवृत्त्या आज बनवणाऱ्याकडून निघतात त्या सरळ तुमच्या खिशात येऊन पोचतात, कोणी अडवत नाही. हेस्टिंग्जचा चाचणी विभागही बंद झाला. गेलन आता निवृत्त आहे. काही लोक म्हणतात, ग्राहक जिंकला.

मी अजून कंपनीत आहे. मुख्य कचेरीत भिंतीवर एक मोठा नकाशा आहे, त्यावर कोणत्या फोनवर किती जुनी प्रणाली चालते ते दिसतं. तुमचाही ठिपका आहे. तुमच्या पडद्यावर ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ असे दोन शब्द परवा आले होते. कालही आले. आज वाचायला बसण्यापूर्वी तुम्ही ते न वाचताच अंगठ्याने बाजूला सारलेत. गैरसमज नको, आमची काही तक्रार नाही. आम्ही तुमचे ऋणी आहोत. पूर्वी या कामासाठी आम्हाला एक अख्खा विभाग पोसावा लागत असे.